मदत हवी आहे: आईच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटके येतात

आई ५४ वर्षांची. गेलं वर्षभर पहाटे चारच्या सुमारास छातीत आवळून यायचं, घाम फुटायचा आणि दहा मिनिटांत सगळं शांत. दिवसा मात्र जिने चढताना काहीच नाही. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं नाही, म्हणून सगळ्यांनी 'पित्त आहे, टेन्शन आहे' म्हणून सोडून दिलं. आई बिचारी स्वतःलाच दोष देत राहिली, याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी एकदा कळ चालू असतानाच ईसीजी निघाला, त्यात बदल स्पष्ट दिसला. निदान झालं: कोरोनरी स्पाझम, म्हणजे रक्तवाहिनी काही वेळ आखडते आणि पुन्हा मोकळी होते.

आता डिल्टियाझेम (रक्तवाहिनी आखडू नये म्हणून रोजचं औषध) चालू आहे, कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिनी लगेच सैल करणारी गोळी). अर्धशिशीसाठी ती प्रोप्रॅनोलॉल घ्यायची, ते डॉक्टरांनी बंद केलं. या आजारात त्याने त्रास वाढू शकतो म्हणे. कळा खूप कमी झाल्यात.

पण सॉर्बिट्रेटने डोकं भयंकर ठणकतं, म्हणून ती गोळी घ्यायला टाळाटाळ करते. तुमच्याकडे कोणाला असं होतं का? डॉक्टरांनी काय बदल केला? थंडीतल्या पहाटेची काळजी कशी घेता? आणि सगळ्यात अवघड म्हणजे मिश्री. तीस वर्षांची सवय आहे. तंबाखू पूर्ण बंद करा असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी चोरून लावतेच. कोणाच्या आईची, आजीची मिश्री सुटली असेल तर कशी सुटली, ते जरूर सांगा.