ऑनलाइन बीएमधला स्थूल अर्थशास्त्राचा पेपर : पास झाले, पण शिकले का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. वय ३६, एका पतसंस्थेत रोखपाल आहे. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन बीएला प्रवेश घेतला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका विद्यापीठाबद्दलची नाही.

मागच्या सत्रात स्थूल अर्थशास्त्राचा, म्हणजे अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा, चार श्रेयांकांचा पेपर होता. मुलं झोपली की साडेदहा ते बारा व्हिडिओ बघायचे, वहीत टिपणं काढायची, दर रविवारी दहा गुणांची चाचणी द्यायची. १०० पैकी ७८ पडले. घरी पेढे वाटले.

जुलै २०२५ मध्ये आमचे एक सभासद काउंटरवर आले. म्हणाले, "ताई, फेब्रुवारीपासून रिझर्व्ह बँकेनं तीनदा दर उतरवला म्हणं. साडेसहाचा साडेपाच झाला. मग माझा हप्ता जिथल्या तिथं का?" ते बोलत होते रेपो दराबद्दल, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदरानं थोड्या मुदतीचं कर्ज देते त्याबद्दल. चाचणीत हाच प्रश्न होता. 'रेपो दर घटल्यास कर्जे : (अ) स्वस्त होतात.' मी (अ) निवडून गुण घेतला होता. समोरच्या माणसाला मात्र मला एक वाक्य धड सांगता आलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे. पाठ ३ मध्ये होतं की बचत वाढली की व्याजदर उतरतो आणि गुंतवणूक वाढते. पाठ ६ मध्ये होतं की सगळ्यांनीच बचत वाढवली तर उत्पन्न घटतं, आणि शेवटी बचतही वाढत नाही. दोन्ही खरं कसं? कोर्सच्या चर्चा विभागात हे विचारलं. तीन आठवडे एकही उत्तर नाही. त्याच विभागात 'प्रभावी मागणी म्हणजे काय?' या प्रश्नाखाली चाळीस उत्तरं होती, सगळी पीडीएफमधून उचललेली, शब्द न् शब्द सारखी.

म्हणून माझं मत असं की आठवड्यातून निदान एक तास थेट वर्ग नसेल, शिक्षकाला तिथल्या तिथं अडवून विचारता येत नसेल, तर हा विषय ऑनलाइन ठेवूच नये. इतिहास, मराठी जमेल. हा नाही.

दिवा_फास्ट

ताई, आधी ७८ बद्दल मनापासून अभिनंदन. निष्कर्षाशी मात्र पूर्ण असहमत.

मी हाच विषय १९९८ साली वर्गात बसून शिकलो. एका बाकावर चौघे, सर "घ्या लिहून" म्हणायचे, आम्ही घ्यायचो. गुणकाचं, म्हणजे एकदा केलेल्या खर्चातून एकूण उत्पन्न किती पट वाढतं याचं, सूत्र फळ्यावर आलं आणि पुसलं गेलं. हात वर करायची कुणाची छाती नव्हती. गेल्या वर्षी ऑनलाइन पुन्हा पहिल्यापासून शिकलो. तोच गुणक व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन सहा वेळा पाहिला आणि एक्सेलमध्ये मांडला. सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा भाग, ०.८ धरली. शंभर रुपये खर्च झाले, त्यातले ऐंशी पुढे गेले, मग चौसष्ट, मग एक्कावन्न रुपये वीस पैसे. पंधराव्या ओळीला बेरीज ४८२ झाली. सूत्रातले ५०० कुठून येतात ते मला सत्तावीस वर्षांनी दिसलं, तेही डोंबिवलीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

शिवाय आज व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी सगळ्यांसाठी खुलं होतं. सहा सदस्यांपैकी कोण कशाच्या बाजूनं होतं आणि का, हे घरबसल्या वाचता येतं. आमच्या वेळी असं काही नव्हतंच. दोष तुमच्या चाचणीचा आहे. माध्यमाला कशाला बोल लावायचा?

फळा_खडू

वारणाकाठ ताई, तुमच्या तीन आणि सहा पाठांच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही याचं वाईट वाटलं. संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे.

पाठ ३ सनातनवादी, म्हणजे केन्सच्या आधीच्या, अर्थशास्त्रज्ञांचा आहे. त्यांच्या मते बचत आपोआप गुंतवणुकीकडे वळते, मधला दुवा व्याजदर. पाठ ६ ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सचा, १९३६ चा. महामंदीत दुकानं ओस असताना व्याजदर कितीही उतरला तरी कारखानदार नवं यंत्र कशाला घेईल, असा त्याचा सवाल होता. तुम्ही कमी खर्च केलात की दुसऱ्या कुणाची तरी कमाई घटते. हे दोन पाठ म्हणजे एका भांडणाचे दोन पक्ष आहेत. तुमच्या कोर्सनं दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी बोलावून घेतलं आणि समोरासमोर उभंच केलं नाही. माणसं आणि यंत्रं आधीच पूर्ण कामात असतील तर पाठ ३ बराचसा लागू पडतो, रिकामी बसली असतील तर पाठ ६. कोणत्या वेळी कोणती परिस्थिती आहे, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही भांडतात.

मी सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं हा विषय शिकवला, २०१७ ला निवृत्त झालो. गुणक शिकवताना मी रोजगार हमीचं उदाहरण घ्यायचो. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची आणि पाझर तलावांची कामं, त्यातून उभी राहिलेली योजना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मजुरी हातात पडली की ती आठवडी बाजारात येते, तिथून वाण्याकडे, चांभाराकडे, पुढे आणखी कुणाकडे. १९८८ च्या सुमारास मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याची आई त्या कामांवर खडी फोडायला होती. तो म्हणाला, "सर, मजुरी वाटली हे बरोबर. पण ज्वारी पिकलीच नव्हती. पैशानं भाव वाढंल, ज्वारी कशी वाढंल?"

वर्ग गप्प झाला. अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये जवळपास हीच शंका मांडली होती. शेतीप्रधान देशात मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही, केन्सचा गुणक जसाच्या तसा इथे चालत नाही. त्या मुलानं रावांचं नावही ऐकलं नव्हतं. पुढचे दोन तास आम्ही तेच केलं. ऐंशी टक्के खर्चातला अर्धा तेल, कापड, औषधापायी गावाबाहेर गेला, तर गावात ०.४ च फिरतं आणि शंभराचे पाचशे न होता १६७ होतात. हे गणितही मुलांनीच फळ्यावर मांडलं.

दिवा_फास्ट, तुम्ही व्हिडिओ सहा वेळा पाहिलात याचं कौतुक आहे. पण सहाही वेळा तो तेच बोलला. त्या मुलाचा प्रश्न व्हिडिओनं कुठून आणला असता?

अभ्यासिका_२४

सर, आदर ठेवून विरोध करतो. मी एमपीएससीची तयारी करतो, वय २३. रोज चहाच्या टपरीवर अर्थव्यवस्थेची चर्चा ऐकतो. वाद भरपूर असतात, व्याख्या कुणालाच माहीत नसतात.

एक उदाहरण. जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाचं मूल्य, काढताना उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च यांत निर्यात मिळवायची आणि आयात वजा करायची. सूत्रात वजाचं चिन्ह दिसलं की सगळे म्हणतात, आयात वाढली की जीडीपी घटतो. मीही तेच म्हणायचो. ऑनलाइन चाचणीत हे उत्तर तीनदा चुकलं, तेव्हा कुठे खालचं स्पष्टीकरण वाचलं. दहा हजारांचा परदेशी फोन घेतला तर तो आधीच उपभोगात दहा हजार म्हणून मोजला गेलेला असतो. आपल्याकडे तो बनलेला नाही, म्हणून वजा करतात. निव्वळ परिणाम शून्य. दुकानदाराचा नफा काय तो आपला.

वर्गात हा गैरसमज मनात घेऊन मी वर्षभर बसलो होतो, कुणाला कळलंही नाही. मशीननं तीनदा लाल फुली मारली आणि तो गेला. आधी पाया, मग वाद. ताईंचे ७८ गुण वाया गेलेत असं मला मुळीच वाटत नाही.

कर्जखाते

मूळ वादात पडत नाही, पण ताईंच्या सभासदाचं उत्तर द्यायला हवं. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी बदलत्या व्याजदराची गृहकर्जं, वाहनकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडणं सक्तीचं आहे. तिथे कपात तीन महिन्यांच्या आत खाली उतरते. पतसंस्था त्या नियमात येत नाही, ती सहकार कायद्याखाली चालते. तिचा पैसा सभासदांच्या ठेवींतून येतो. दोन वर्षांपूर्वी चढ्या दरानं घेतलेली ठेव मुदत संपेपर्यंत त्याच दरानं सांभाळावी लागते. पैसा महाग पडलाय तोवर कर्ज स्वस्त कसं देणार? मुंबईत मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत, दर उतरला तरी तो गावात पोचायला वेळ लागतो, कधी पोचतही नाही.

हडसनपार

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात हाच प्राथमिक पेपर पूर्ण ऑनलाइन केला. थेट वर्ग एकही नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजू पटतात.

वाईट आधी सांगते. बँका ठेवींतला दहा टक्के भाग राखून ठेवतात आणि बाकीचा कर्जाऊ देतात, त्यातून पैसा दसपट होतो, असं आमच्या व्हिडिओत होतं. फेडनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, ही राखीव रकमेची अट मार्च २०२० मध्येच शून्यावर आणली. व्हिडिओ त्याआधीचा होता, परीक्षेतही दहा टक्केच. भूमिती शिकवणारा व्हिडिओ शिळा होत नाही, या विषयाचा होतो.

आता चांगलं. चर्चा विभागात आठवड्याला एक टिपण आणि दोन उत्तरं सक्तीची होती. पहिले दोन आठवडे सगळे "छान मुद्दा" लिहून मोकळे. मग बाईंनी नियम केला, की आकड्यानिशी विरोध नसेल तर शून्य गुण. मी लिहिलं होतं की एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बेरोजगारी १४.७ टक्के होती. एका मुलानं त्याच सरकारी अहवालाची तळटीप काढून दाखवली. टाळेबंदीमुळे घरी बसलेल्या बऱ्याच लोकांची नोंद 'नोकरीत आहे, पण गैरहजर' अशी झाली होती. ती नीट झाली असती तर दर सुमारे पाच टक्के-बिंदूंनी जास्त आला असता, असं मोजणाऱ्या खात्यानंच लिहिलं होतं. आकडा कुणीतरी रकाने आखून, त्यांत माणसं बसवून तयार करतं हे मला त्या दिवशी समजलं. आम्ही दोघं एकमेकांना कधी भेटलो नाही.

फळा_खडू

हडसनपार, तुमच्या बाईंना माझा नमस्कार कळवा. मान्य, तो मागच्या बाकावरचा मुलगा पडद्यापलीकडेही असू शकतो. पण त्याला जागा करून देणारी बाई तिथे होती. आपल्याकडच्या बऱ्याच ऑनलाइन वर्गांत चर्चा विभाग नियमापुरता असतो. स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ २०१७ ला आलं तेव्हा व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय आणि चर्चा असे चार भाग ठरवून दिले. चौथ्यासाठी माणूस लागतो, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळाचा पगार लागतो. खरी काटकसर नेमकी तिथे होते.

अभ्यासिका_२४, तुझं आयातीचं उदाहरण चोख आहे. पण एक विचारतो. ते स्पष्टीकरण कुणीतरी बसून लिहिलं होतं ना? मुलं कुठे चुकतात हे वर्गात पाहिल्याशिवाय ते कुणाला सुचलं असतं?

अभ्यासिका_२४

सर, हे मान्य. फक्त ज्यानं लिहिलं त्याचा उपयोग एका वर्गातल्या साठ मुलांपुरता राहिला नाही, एवढंच माझं म्हणणं.

दिवा_फास्ट

थेट तासाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून पुन्हा आलो. ताई, तुम्ही तास सक्तीचा करा म्हणता. किती वाजता ठेवायचा? संध्याकाळी सातला ठेवला तर मी ठाण्याच्या पुलावर असतो. रात्री नऊला ठेवला तर तुमच्यासारख्या कितीजणी ओट्याशी असतील. रात्रपाळीवाल्यांचं काय? ज्यांना कॉलेजची वेळ जमली नाही त्यांच्यासाठी हे दार उघडलं होतं. त्याला पुन्हा वेळेची कडी लावली तर पहिल्यांदा तुम्हीच बाहेर राहाल. सक्ती करायचीच तर शिक्षकावर करा, की विचारलेल्या प्रश्नाला चार दिवसांत उत्तर द्यायचंच. विद्यार्थ्यावर नको.

वारणाकाठ

सगळ्यांचं वाचलं. काही दोनदा वाचलं.

दिवा_फास्ट, तुमचं शेवटचं बोलणं लागलं, कारण ते खरं आहे. साडेसहाला पतसंस्था बंद होते, नऊपर्यंत माझा जीव माझा नसतो. तासाची सक्ती हा माझा मुद्दा मागे घेते, चार दिवसांत उत्तराची सक्ती हवी हे मान्य. तरी निव्वळ व्हिडिओ आणि चाचणीवर हा पेपर पास करून देऊ नये, यावर मी ठाम आहे. मला (अ) चा गुण मिळाला, तेव्हा 'कोणाचं कर्ज, कोणाकडून, किती दिवसांनी' हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ७८ वरून ६० वर आले असते आणि मला चाललं असतं.

अभ्यासिका_२४, आयातीचं मलाही तसंच वाटत होतं. आज सुटलं.

फळा_खडू सर, तीन आणि सहा पाठ समोरासमोर ठेवून वही पुन्हा काढली. आमच्या बॅचच्या पाच जणींनी ठरवलंय, दर रविवारी दुपारी फोनवर एक आकडा घ्यायचा आणि त्याच्याशी भांडायचं. पहिला आकडा ४५.८६. महागाई मोजणाऱ्या, २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन शंभरात एवढं धरलं होतं. माझ्या घरी ते किती बसतं, हे महिनाभर खर्च लिहून बघणार आहे. आमच्यातली एक ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली आहे, तिच्या घरचा आकडा वेगळाच येणार.

कर्जखाते, तुमचं उत्तर त्या सभासदांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग खिशातून ठेवीची पावती काढली आणि म्हणाले, "नव्या ठेवीचा दर तर तुम्ही गेल्याच महिन्यात उतरवला. तो कसा लगेच पोचला?" आमची संस्था शिल्लक पैसा बँकेत ठेवते आणि तिथला दर आधी उतरला, एवढं मला सांगता आलं. पण कर्जाचा दर उतरायला ठेवीपेक्षा इतका वेळ का लागतो, आणि मधल्या काळातला फरक कोणाच्या पदरात पडतो, हे त्यांना पटेल असं मला सांगता आलेलं नाही. ते सोमवारी पुन्हा येणार आहेत. कुणी सांगू शकेल का?