अंगठ्याचं लिगामेंट आणि सायकल
अंगठ्याचं लिगामेंट (दोन हाडं जोडणारा चिवट पट्टा) दुखावल्यावर पुन्हा सायकल कधी काढायची असं तू विचारलंस, आणि सूज उतरली की काढायला हरकत नाही असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते मला अजिबात पटत नाही. बोपदेव घाटात उतरताना माझी सायकल घसरली, हँडल हातात घट्ट तसंच राहिलं आणि अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला गेला, सूज तर आठ-दहा दिवसांत गेली पण बाटलीचं झाकण काही उघडेना. अंगठ्याच्या बुडाशी, तर्जनीच्या बाजूला जे लिगामेंट असतं ते अर्धवट फाटलं असेल तर साधारण ४ ते ६ आठवडे स्प्लिंट (अंगठा हलू न देणारा आधार) लावून जुळतं, पण पूर्ण तुटलं तर कधीकधी त्याचं टोक स्नायूच्या पडद्याच्या वर येऊन अडकतं आणि मग कितीही दिवस बांधून ठेवलं तरी ते आपोआप जुळत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. एक्सरेत लिगामेंट दिसत नाही, म्हणून 'एक्सरे नॉर्मल आहे' एवढ्यावर थांबू नकोस, हाताच्या सर्जनला नक्की दाखव.

माझं अर्धवटच होतं. स्प्लिंट असताना घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, हँडलवर कोपरं टेकवून पेडल मारायचो, पाय तरी चालू राहिले. नंतर फिजिओने आधी नुसती हालचाल आणि मग मऊ बॉल दाबायला दिला. रस्त्यावर आल्यावर ब्रेकपेक्षा गिअरनेच जास्त त्रास दिला, कारण माझ्या हायब्रिड सायकलला चढासाठी मागच्या मोठ्या चकतीवर जायचं तर लिव्हर अंगठ्यानेच ढकलावा लागतो, म्हणून महिनाभर सपाट रस्ताच, खडकवासल्यापर्यंत, सिंहगड नाही. आणि प्लीज, पकड पक्की झाल्याशिवाय उतारावर जाऊ नकोस रे.