चांदीची 'क्लिप' सापडली, तिला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:

मी इंग्लंडमध्ये यॉर्कशरला राहते. सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी घेऊन नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर फिरवणं हा माझा छंद. परवा एक चांदीची वस्तू मिळाली. साधारण दोन बोटं रुंदीची जाळीकामाची पट्टी, तिच्यावर ढगात बसल्यासारखी पाच गुबगुबीत बाळांची पंखवाली तोंडं. मागच्या बाजूला एक चपटी, रुंद जीभ वरून खाली वळवलेली. पट्टीच्या खालच्या कडेला ओळीने बारीक कड्या, आणि त्यातल्या एकीत साखळीचे दोन दुवे अजून अडकून आहेत. जिभेवर ठसे: जहाजाचा नांगर, चालणारा सिंह, एक इंग्रजी अक्षर आणि दोन आद्याक्षरं. सोबतचे सगळे तिला नुसतंच 'क्लिप' म्हणतात. आईला फोटो पाठवायचा आहे, तर ही कसली क्लिप? केसांची, नोटांची, कपड्यांची? आणि मराठीत शब्द कोणता?

प्रतिसाद:

ताई, आधी ती वस्तू धरते कशी ते बघा, नाव आपोआप पुढे येईल. 'क्लिप' म्हटलं की सगळा घोटाळा होतो, कारण त्या एका शब्दात चार वेगळ्या करामती कोंबलेल्या आहेत. आपल्या बायका आणि सराफ त्या वेगवेगळ्या नावांनीच ओळखतात.

स्प्रिंगच्या जोरावर घट्ट मिटतो तो चाप. केसांचा चाप, बंदुकीचा चाप. दोन पात्यांमध्ये पकडतो तो चिमटा. हाराची दोन टोकं एकमेकांत अडकवतो तो फासा. आणि जो नुसता वाकवलेला असतो, कशात तरी खोचला की स्वतःच्या वजनाने बसतो, तो आकडा. तुमच्या वर्णनात स्प्रिंग नाही, बिजागरी नाही, दाते नाहीत. वळवलेली जीभ आहे. म्हणजे हा आकडा.

एवढ्यावरून बऱ्याच गोष्टी बाद होतात. १९३० च्या सुमाराला गळ्याच्या काठावर जोडीने लावायच्या ज्या ड्रेस क्लिपा होत्या, त्यांच्या पाठीला बिजागरी असते आणि कापड धरायला बारीक दाते. नोटांची क्लिप दुमडलेल्या पट्टीची असते, तिला खाली कड्या कशाला हव्यात? व्हिक्टोरिया राणीच्या काळात घोळदार झग्याचा काठ चिखलातून वर उचलून धरायला एक चिमटा वापरत. त्याच्या तोंडाशी दोन गोल चकत्या असतात आणि वर दोरी बांधायला कडी. (आपल्याकडे ओचा खोचला की भागायचं, म्हणून अशा चिमट्याची गरजच पडली नाही.) तुमच्या वस्तूच्या कड्या वर नाहीत, खाली आहेत. म्हणजे ती स्वतः कशाला लोंबत नव्हती, तिलाच काहीतरी लोंबत होतं.

ही शॅटलेन नावाच्या कमरेच्या दागिन्याची वरची पट्टी. कमरपट्ट्यात किंवा झग्याच्या कमरेला जीभ खोचायची आणि खालच्या साखळ्यांना घरातल्या बाईला दिवसभर लागणाऱ्या वस्तू अडकवायच्या: कात्री, सुयांची डबी, अंगुस्तान, पेन्सिल, टिपणं करायला हस्तिदंती पानांची छोटी वही, अत्तराची कुपी, किल्ल्या. झग्यांना धड खिसे नव्हते, हे त्यामागचं साधं कारण. परिचारिकाही कात्री आणि थर्मामीटरची नळी अशीच कमरेला बाळगत. साखळ्या तुटून हरवल्या आणि पट्टी रानात पडली, की उरते ती तुमची 'क्लिप'.

ठशांबद्दल. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा शिक्का. बंदर नसलेल्या त्या गावाला नांगर का मिळाला हा वेगळाच विषय, पण ते कार्यालय १७७३ साली सुरू झालं. अक्षर वर्षाचं असतं, मात्र तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही तक्त्याशी ताडून बघा. राजा-राणीच्या मुखवट्याचा ठसा आहे का हेही बघा. तो कर भरल्याचा शिक्का, १७८४ ते १८९० या काळातला. तो नसेल तर वस्तू १८९० नंतरची असण्याचा संभव जास्त. नक्षीही तेच सुचवते: बाळांची पाच तोंडं हे जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराच्या १७८७ च्या चित्रावरून उचललेलं नक्षीकाम आहे आणि १९०० च्या आसपास बर्मिंगहॅमच्या चांदीकामात त्याची फार चलती होती. आरशांच्या पाठी, ब्रश, डब्या, सगळीकडे हीच तोंडं.

एक कळकळीची विनंती. रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासू नका. काळपटपणा राहिला तरी चालेल, घासताना ठसे पुसट झाले तर वर्ष कायमचं गेलं. साध्या पाण्यात माती भिजवून मऊ ब्रशने काढा.

दुसरा प्रतिसाद:

मग मराठी शब्द शोधायचा कशाला, आहेच की. छल्ला! माझ्या आजीच्या कमरेला होता. नक्षीची चांदीची पट्टी, मागे आकडा, खाली घुंगरं आणि किल्ल्यांसाठी कडी. नऊवारीच्या कमरेशी खोचायचा. आजी माजघरातून येतेय हे त्या आवाजावरूनच कळायचं. हिंदीत छल्ला म्हणजे बोटातली अंगठी, त्यामुळे हल्लीची मुलं गोंधळतात.

प्रश्नकर्ती:

अहो, फारच छान! आईला 'छल्ला' म्हटलं की लगेच कळेल. पण तो किल्ल्यांचा, आणि शॅटलेनला कात्री-सुया. चालेल ना?

पहिला प्रतिसादक:

चालेल, आणि मी तर आग्रहाने तोच वापरा म्हणेन. कमरेला खोचायचा आकडा, दर्शनी नक्षी, खाली लोंबणाऱ्या घरकामाच्या वस्तू, ही घडण दोन्हींत एकच. फरक सांगायचा तर 'इंग्रजी छल्ला' किंवा 'शिवणकामाचा छल्ला' म्हणा. फक्त किल्ल्यांच्या गुच्छाला छल्ला म्हणू नका, तो जुडगा. जुडगा छल्ल्याला अडकवतात.

मूळ फ्रेंच शब्दही सांगण्यासारखा आहे. शॅटलेन म्हणजे गढीची मालकीण, किल्लेदाराची बायको. थोडक्यात किल्लेदारीण. तिच्या कमरेच्या किल्ल्यांवरून दागिन्याला तिचं नाव मिळालं. आपल्याकडेही सासूने किल्ल्या सोपवल्या म्हणजे कारभार सोपवला, असाच अर्थ घेतात. मात्र किल्ला आणि किल्ली यांचा नाद जुळतो म्हणून त्यांचं नातं लावू नये. किल्ला अरबीतून आलाय.

तिसरा प्रतिसाद:

विषयाला थोडं सोडून: ताई, ही वस्तू सरकारजमा करावी लागते का? आणि इकडे गडाच्या पायथ्याला कुणी असं यंत्र फिरवलं तर?

पहिला प्रतिसादक:

इंग्लंडात १९९६ चा खजिन्याचा कायदा आहे. सुटी वस्तू ३०० वर्षांहून जुनी आणि वजनाच्या किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली असेल तर कळवावीच लागते. हा छल्ला तेवढा जुना नाही, त्यामुळे प्रश्न शेतमालकाशी झालेल्या बोलीचा. तरी जागेची अचूक नोंद ठेवा, ती वस्तूइतकीच मोलाची.

आपल्याकडे १८७८ चा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. आणि संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. तिथे यंत्र घेऊन कुणी दिसलं तर कृपया गप्प बसू नका.

प्रश्नकर्ती:

कळलं. शेवटचं एक: 'ती शॅटलेन' की 'ते शॅटलेन'?

पहिला प्रतिसादक:

क्लिप, पिन, चेन यांच्या वळणावर 'ती' रूढ होईल असं वाटतं. पण आईला लिहिताना 'तो छल्ला' लिहा. आणि वर्षाचं अक्षर जुळलं की इथे जरूर कळवा.