मदत हवी: मॉडेलचं व्याकरण पक्कं, पण साध्या समजेत चुकतं. तपासायचं कसं?

एक भाषा-मॉडेल मराठी मजकुरावर फाइनट्यून केलं आहे, म्हणजे तयार मॉडेलला मराठी मजकूर देऊन पुढे शिकवलं आहे. वाक्यं शुद्ध येतात. पण 'उपड्या ठेवलेल्या बादलीवर नळ सोडला, तर तीत किती पाणी साठेल?' विचारलं की बादलीचं माप लिटरमध्ये सांगून मोकळं होतं. आणखी डेटा घालावा, की नियम हाताने लिहावेत? सुधारणा मोजायची कशी?

प्रतिसाद १
नुसत्या डेटाने भागणार नाही. उपड्या बादलीत पाणी साठत नाही हे कुणी लिहीतच नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊकच असतं. जे सगळ्यांना माहीत, तेच मजकुरात सर्वांत विरळ. माणूस ते ओतून-सांडून शिकतो.

हाताने नियम लिहिण्याचा मार्ग संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये सायक (Cyc) प्रकल्पात धरला; रोजची साधी समज संगणकात भरायची, हा त्याचा हेतू. लाखो विधानं भरली, पण अपवाद पाठ सोडत नाहीत. 'पक्षी उडतो' म्हटलं की पेंग्विन, पिल्लू, पंख मोडलेला, पिंजऱ्यातला. नियम ठेवाच, पण एखाद्या अरुंद विषयापुरते.

प्रतिसाद २
मोजण्यासाठी विनोग्राड पद्धतीच्या जोड्या करा: दोन वाक्यांत एकच शब्द वेगळा, पण त्याने सर्वनाम कुणाबद्दल आहे ते बदलतं. 'कपाट दारातून जात नाही, कारण ते फार रुंद आहे.' 'रुंद'च्या जागी 'अरुंद' घाला, 'ते' कपाटावरून दारावर जातं. व्याकरण तसंच राहतं, उत्तर फिरतं.

या पद्धतीचा २७३ प्रश्नांचा तयार इंग्रजी संच भाषांतरित करून वापरू नका. तो इंटरनेटवर आहे, मॉडेलने पाहिलेला असू शकतो. शिवाय मराठीत लिंग उत्तर फोडतं: 'सोफा दारातून जात नाही, कारण तो...' इथे 'तो' म्हणजे सोफाच. दोन्ही नामं एकाच लिंगाची हवीत.

गुण जोडीला द्या, दोन्ही वाक्यं बरोबर आली तरच. सुट्या वाक्यांत अंदाजाने ५० टक्के मिळतात, जोडीत २५.

प्रश्नकर्ता
५० जोड्या पुरतील?

प्रतिसाद ३
चाचपणीला पुरतील, पण ५० मध्ये दोन-तीन जोड्या वाढल्या तर ती सुधारणा समजू नका, तेवढं योगायोगानेही होतं. २०० करा.

आणि वरची कपाटाची जोडी गाळा. पहिला भाग झाकून फक्त 'ते फार अरुंद आहे. कपाट की दार?' विचारा. शब्दांच्या सहवासावरूनच 'दार' येईल, समज लागणारच नाही. त्याऐवजी 'वही पेटीत मावत नाही, कारण ती फार मोठी (किंवा लहान) आहे.' प्रत्येक जोडी आधी अशी झाकून चालवा. अर्ध्यावरच उत्तर बरोबर येत असेल, तर ती जोडी संचात नको.