मदत हवी आहे: गरम इंजिनवर गाडी सुरू होत नाही (1997, कार्ब्युरेटर)

नमस्कार मंडळी,

बाबांची 1997 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा). सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते. तासभर चालवून बंद केली आणि पंधरा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, की मात्र नुसता सेल्फ फिरत राहतो. पाऊण तास बोनेट उघडं ठेवलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गंमत म्हणजे बंद केल्यावर मिनिटभरात सुरू केली तर काही अडचण नाही. मधल्या वेळेतच हे होतं.

मागच्या रविवारी चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो आणि तिथेच अडकलो. आई-बाबा बरोबर होते, दोघंही सत्तरीपुढचे, आईला मधुमेह. भर उन्हात पन्नास मिनिटं तिला रस्त्याकडेला बसावं लागलं, हे माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून बाबा गाडीला हात लावत नाहीत. मी याच गाडीवर शिकलो. ती विकायची नाही, पण आईला बसवण्याइतका भरवसा तिच्यावर हवा आहे.

आतापर्यंत मेकॅनिकने प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल खेचणारा पंप बदलला. फरक शून्य. सेल्फ गरम असतानाही तितक्याच जोरात फिरतो, म्हणून बॅटरी, अर्थिंग आणि स्टार्टर मी बाजूला ठेवलेत. टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या खाली, पंखाही वेळेवर लागतो.

माझा तर्क असा. इंजिन बंद झालं की आत फिरणारं पाणी थांबतं, समोरून येणारा वाराही थांबतो आणि सगळी उष्णता वर कार्ब्युरेटरकडे सरकते. त्यामुळे बोनेटखाली खरी धग बंद केल्यानंतर काही मिनिटांनी चढते. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळून एकतर खाली मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात जाणाऱ्या नळीत) सांडत असेल, नाहीतर लाइनमध्ये वाफ अडकून पेट्रोल पोचतच नसेल. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी नेमकं काय होतंय ते कळायला हवं. कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज बनवणारी) गरम होऊन दगा देत असेल ही शंकाही आहे, पण तसं असतं तर चालत्या गाडीत एकदा तरी झटका बसला असता. तो कधीच बसलेला नाही.

पंपावर हल्ली 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, पेट्रोलचे हलके घटक त्याच्याही बरेच आधी. मिश्रणामुळे त्रास वाढलाय का? इतक्या जुन्या गाड्या वापरणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगावा. रबरी पाइप तर मी बदलणारच आहे, गरम इंजिनवर पेट्रोल गळणं फार धोक्याचं.

अपडेट, बुधवार:

खाली काही जणांनी सुचवलं की गाडी बिघडलेली असतानाच तपासा. तसंच केलं. काल चाळीस किलोमीटर फिरवून पंधरा मिनिटं उभी केली. एअर फिल्टरचं झाकण काढून टॉर्च मारला तर कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ठिबकताना स्पष्ट दिसलं, वासही सणसणीत. झाकण लावलं, वास जाऊ दिला, मग जास्तीचा प्लग लावून स्पार्क पाहिला. निळा, जोरदार. म्हणजे कॉइलवरचा संशय मिटला.

मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला (पंप न करता) आणि सेल्फ मारला. सहा-सात सेकंदांत सुरू झाली, थोडा काळा धूर सोडून. हेळवाकला मी घाबरून पाय सारखा मारत होतो, म्हणजे आणखीच पेट्रोल ओतत होतो.

आज कार्ब्युरेटर सैल करून पाहिला. त्याच्याखाली इंजिनची उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड ठोकळा असायला हवा, तिथे नुसतं कागदी पॅकिंग आहे. मागे कधीतरी कार्ब्युरेटर उतरवला तेव्हा तो परत बसवायचा राहिला असावा.

आता दोनच प्रश्न. हा ठोकळा कोल्हापूर, सातारा किंवा पुण्यात कुठल्या भागात मिळेल? आणि तो बसवताना फ्लोटची (वाटीत किती पेट्रोल भरायचं ते ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी थोडी उतरवावी का, की आधी नीडल व्हॉल्व्ह (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) बदलून पाहावा? बाबांना सांगितलंय, येत्या रविवारी आपण तिघं पुन्हा घाटात जाऊन बघू.