मदत हवी आहे: पिकअपचे चारही टायर बदलायचे आहेत, आणि हवेच्या सेन्सरचा दिवा विझत नाही

नमस्कार मंडळी,

दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या आहेत, त्यामुळे एकाच धाग्यात विचारतो.

माझी डबल कॅब पिकअप आहे, फोर व्हील ड्राइव्ह. टायर २६५/६५ आर १७, लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड) ११२. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून आहेत. साइडवॉलवर तारखेचा कोड ३४१६ आहे, म्हणजे २०१६ चा ३४ वा आठवडा. मागच्या दोन्ही टायरची नक्षी मधोमध जवळजवळ संपली आहे, कडेला मात्र बरी दिसते. पुढच्या डाव्या टायरची फक्त आतली कड झिजली आहे. साइडवॉलला बारीक भेगा दिसायला लागल्या, तेव्हा ठरवलं की आता थांबायचं नाही. या गाडीत घरची माणसं बसतात.

वापर असा: पाचातले चार दिवस डांबरी रस्ता, हौदा रिकामा. एखाद्या दिवशी ४००-५०० किलो माल घेऊन खडीच्या कच्च्या रस्त्याने जातो. टायरवाला म्हणतो एलटी (लाइट ट्रक, म्हणजे मालाच्या गाड्यांचे जाड टायर) घ्या, दहा प्लायचे, म्हणजे दहा थरांच्या ताकदीचे आहेत, काही होणार नाही. एक मित्र म्हणतो ६५ च्या जागी ७० घाल (हा आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची उंची), गाडी उंच होईल. मला दोन्ही पटलंही नाही आणि खोडताही आलं नाही.

आता दिव्याचं. गेले दोन महिने गाडी सुरू केली की टायरच्या हवेचा पिवळा दिवा साधारण मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो. गेजने चारही चाकं तपासली, हवा बरोबर आहे. तरी तीन-चार पीएसआय जास्त भरून पाहिली, फरक शून्य. कधी कधी अर्धा तास चालवल्यावर पुढच्या वेळी दिवा लागतच नाही. थंडीच्या सकाळी हमखास लागतो. टायर उतरवणारच आहोत तर सेन्सरही बदलावेत का? की आधी वायरिंग बघावं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

आधी दिव्याचं सांगतो, कारण उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. हवा कमी असेल तर दिवा सरळ लागतो आणि लागून राहतो. आधी ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर होत असेल तर त्याचा अर्थ वेगळा: यंत्रणेलाच एखादा सेन्सर सापडत नाहीये. म्हणून जास्त हवा भरून काही होणार नव्हतं. ती आधी काढून टाका.

तुमच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, सेन्सर बसवलेला असणार. त्यात छोटी बॅटरी सीलबंद असते, ती साधारण ५ ते १० वर्षं टिकते आणि सहसा वेगळी बदलता येत नाही. तुमचे सेन्सर टायरच्याच वयाचे आहेत. थंडीत क्षीण बॅटरीचं व्होल्टेज आणखी उतरतं आणि सिग्नल पोचत नाही. चाक गरम झालं की तोच सेन्सर पुन्हा बोलायला लागतो. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात. वायरिंगच्या मागे लागू नका.

तरी अंदाजावर सेन्सर विकत घेऊ नका. सेन्सर जागा करून वाचणारं हातातलं यंत्र बऱ्याच टायरवाल्यांकडे असतं. ते प्रत्येक व्हॉल्व्हजवळ धरलं की सेन्सरचा नंबर, दाब, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थितीही दिसते. कोण उत्तर देत नाही ते पाच मिनिटांत कळेल. नवीन घेताना फ्रिक्वेन्सी जुळवा. काही गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, काही ४३३ वर, आणि चुकीचा सेन्सर कितीही नवा असला तरी गाडीला ऐकूच येत नाही.

एक विचारायचं राहिलं: मध्ये कधी स्टेपनी लावली होती का? किंवा पंक्चर बंद करणारं द्रव्य टायरमध्ये घातलं होतं का? स्टेपनीत सेन्सर नसेल तरी असाच दिवा लुकलुकतो, आणि त्या चिकट द्रव्याने सेन्सरचं भोक बुजतं.

प्रतिसाद

टायरबद्दल माझं मत. एलटी म्हणजे नुसता मजबूत टायर, एवढंच टायरवाले सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. वजन पेलते ती हवा. तेवढ्याच हवेवर एलटी टायर साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो, त्याची पूर्ण ताकद जास्त दाबावरच मिळते. तुमच्याच मापाचा दहा प्लायचा एलटी साधारण १२० लोड इंडेक्सचा, म्हणजे १,४०० किलोचा, पण ते ८० पीएसआयला. दारावरच्या पट्टीवर (कंपनीने हवेचा दाब आणि वजनाची मर्यादा छापलेली असते ती) समजा ३० लिहिलंय म्हणून त्यात ३० भरली तर टायर आतून दबत, तापत राहील.

आणि गंमतीत घेऊ नका, यातला खरा धोका हा की दिवा तेव्हा गप्प बसेल. सेन्सर फक्त दाब कळवतो. किती दाबाला दिवा लावायचा हे गाडीच्या कॉम्प्युटरला कारखान्यात सांगितलेलं असतं, पट्टीवरच्या आकड्यावरून. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची आहे. तिथला नियम असा की दाब २५ टक्के उतरला की इशारा मिळालाच पाहिजे. ३० च्या गाडीत ती रेषा साडेबावीसला येते. म्हणजे एलटीला ४५ हवे असताना ३० वर चाललात तरी दिवा लागणार नाही. हौदा भरलेला असून हवा रिकाम्या गाडीएवढीच ठेवली तरी तेच.

तुम्हाला वजनासाठी एलटी लागत नाही. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, दोन मागच्यांना मिळून २,२४०. दारावरच्या पट्टीवर मागच्या एक्सलची मर्यादा बघा आणि ताडून पाहा. रोज धारदार दगडांतून जाणारा असता तर साइडवॉलसाठी एलटी घ्या म्हटलं असतं. तुमची गाडी बहुतेक वेळ रिकामी धावते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग आधीच हलका, त्यात कडक टायर घातले की पाटे उसळतात.

७० नको. २६५/६५ चा व्यास ७७६ मिलिमीटर, २६५/७० चा ८०३. जवळजवळ साडेतीन टक्के फरक. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असेल, गिअरिंग जड होईल, आणि चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतंय का हे बघावं लागेल.

मागचे टायर मधोमध झिजलेत म्हणजे रिकामी गाडीही तुम्ही भरल्या गाडीच्या दाबावर चालवताय. पुढच्या टायरची आतली कड अलाइनमेंटमुळे गेली. ते आधी करून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. आणि फोर व्हील आहे, चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हवेबद्दलचा अंदाज खरा निघाला. मागे ३८ कायम ठेवत होतो, पट्टीवर तो आकडा फक्त पूर्ण मालासाठी आहे आणि रिकाम्या गाडीला ३०. हे वाचून मला स्वतःलाच वाईट वाटलं, कारण पट्टी रोज दार उघडताना समोर असते. स्टेपनी लावली नव्हती, द्रव्यही नाही. मागच्या एक्सलची मर्यादा १,८०० किलोच्या आत आहे, म्हणजे ११२ पुरतो. उद्या यंत्राने सेन्सर वाचून घेतो.

प्रतिसाद

टायर उतरवताना समोर उभे राहा. बीड (टायरची रिमवर घट्ट बसणारी कड) सोडवणारं पातं व्हॉल्व्हच्या जवळ लावलं तर चांगला सेन्सरही तुटतो. जो सेन्सर ठेवाल त्याचं रबर, नट आणि व्हॉल्व्हची पिन नवी घालायला सांगा. धातूच्या व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा असलेलीच पिन हवी. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमला धरून बसते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्हच मोडतो. टोपणही प्लास्टिकचंच ठेवा, त्याच कारणाने.

हवा सकाळी, गाडी तीन तास तरी उभी असताना भरा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो, हे थंडीत लक्षात असू द्या.

धागाकर्ता

काम झालं, सांगायला आलो.

यंत्राला मागच्या उजव्या चाकाने तीन वेळा धरूनही उत्तर दिलं नाही. पुढच्या डाव्याची बॅटरी कमी दाखवली. उरलेले दोन ठीक होते, पण वय तेच, आणि नंतर एकेका सेन्सरसाठी बसवलेला टायर पुन्हा उतरवायचा हे नको वाटलं. चारही बदलले. नवे नंबर गाडीच्या कॉम्प्युटरला ओबीडी सॉकेटमधून (गाडी तपासायचं यंत्र जोडतात ते) शिकवावे लागले, त्याशिवाय दिवा तसाच लुकलुकत होता.

टायर २६५/६५ आर १७, ११२, साधेच, पण ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हींसाठीच्या) नक्षीचे. खडीवर फरक लगेच कळला. डांबरावर हलकासा आवाज आहे, तो मला चालतो. तारखेचा कोड चारही टायरवर बघून घेतला. अलाइनमेंटमध्ये पुढचं डावं चाक खरंच बाहेर गेलेलं होतं.

माल भरायचा असेल त्या दिवशी निघण्याआधी मागे ३८ करतो आणि रिकामा परतलो की दुसऱ्या सकाळी पुन्हा ३०. त्यासाठी गेज दाराच्या कप्प्यात ठेवलाय.

आज पहाटे कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू केली. दिवा बाकीच्या दिव्यांबरोबर तीन सेकंद लागला आणि विझला.