डिस्क संपवा म्हणणाऱ्यांनी आमच्या वाडीवर येऊन एक गेम डाउनलोड करून दाखवावा

माणदेशी_गेमर:
सोनीच्या पीएस५ प्रो या गेमिंग कन्सोलला डिस्क ड्राइव्हच नाही, वेगळा विकत घ्या. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस तर पहिल्यापासून बिनडिस्कचा. पुण्या-मुंबईवाल्यांना काय फरक पडतोय, पण आमच्याकडे फायबर तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत येऊन थांबलीये, घरात मोबाईलचा रोजचा दीड जीबी आणि त्यातच बहिणीचे लेक्चर. रेड डेड २ हा गेम पीसीवर १५० जीबी जागा मागतो, दीड जीबीने भागा, कुणी एक रील नाही बघितली तरी शंभर दिवस! पीएस४ वर तोच गेम दोन डिस्कमध्ये यायचा, एक इन्स्टॉलची एक खेळायची, दुपारी टाकला की संध्याकाळी घोड्यावर.

फायबरवाला:
२०१८ मध्येच अडकलायस भावा. २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ या गेमची पीएस५ डिस्क बघ, तिच्यावर शंभर एमबी पण माल नव्हता, बाकी सगळा नेटवरून. आणि द क्रू या नेटवरच चालणाऱ्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले तेव्हा डिस्कवाले पण हात चोळतच बसले ना? सेलमध्ये डिजिटल घ्यायचा, मोकळं व्हायचं.

माणदेशी_गेमर:
रिकामी डिस्क विकली तो कंपनीचा आगाऊपणा, डिस्कचा काय दोष? पीएस५ च्या एका डिस्कवर १०० जीबीपर्यंत मावतं, भरायचं मनात पाहिजे. निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलची गेम-की कार्डं पण तसलीच, नुसती किल्ली, घर डाउनलोड करा. आणि खेळून झाल्यावर मी डिस्क निम्म्या किमतीत विकून पुढची घेतो, तू तुझा सेलवाला गेम विकून दाखव की.

जुनी_सीडी:
दोघं जरा दमानं घ्या. २०१५ ला पीसीचा जीटीए ५ सात डीव्हीडींवर आला होता, एकेक घालत बसायचं, पाचवीवर ओरखडा निघाला की सगळं मुसळ केरात. आणि एवढं करून वर ॲक्टिव्हेशनला नेट हवंच. त्याचे गोडवे नका गाऊ.

लॅपटॉपवाली:
पीसीवाल्यांनी भांडूच नये. स्टीममध्ये, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, बॅकअपची सोय आहे, २०२३ पासून एकाच वायफायवरच्या दोन मशीनमध्ये गेम थेट कॉपी पण होतो. मी हॉस्टेलवर डाउनलोड करून हार्ड डिस्क घरी नेते, तिथे फक्त लॉगिन आणि असला तर छोटा पॅच. अर्थात गेम आपल्या अकाउंटवर घेतलेला पाहिजे.

माणदेशी_गेमर:
म्हणजे ताई, डेटा शेवटी एसटीनेच आला ना?? मग कंपनीनेच डब्यात भरून पाठवावा की.

फायबरवाला:
😂 बरं हे दिलं. पण पीएस५ स्लिमचा सुटा ड्राइव्ह घेणार असशील तर आधी ऐक, पहिल्यांदा बसवताना तो कन्सोलशी जोडायला नेट लागतं.

माणदेशी_गेमर:
हॉटस्पॉटवर होतं का ते? किती डेटा खातं?

लॅपटॉपवाली:
नुसत्या जोडणीला फारसा नाही. पण सिस्टीम अपडेट बाकी असेल तर तो आधी पेनड्राइव्हवर घेऊन ये.